हजार टक्के पाठिंबा आणि अठरा दिवस

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारानं आपल्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी कोण, हे जाहीर केलं की पुढचे चार-सहा दिवस त्या देशात दुसरा विषय नसतो. कोण हा माणूस? हाच का? कुठल्या राज्याची मतं आणणार? कुणाला खूश करायला घेतला? आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही चौकटी येतात. मग धुरळा खाली बसतो. मतदानाच्या दिवशी लोक अध्यक्षपदाच्या उमेदवाराकडे पाहूनच मत देतात, आणि हरलेल्या जोडीतला दुसरा माणूस कोण होता हे दोन वर्षांनी कुणाला आठवतही नाही.

मग एवढा गदारोळ कशासाठी? मला त्याचं कारण असं दिसतं, की सत्ता हाती येण्याआधी उमेदवारानं स्वतःच्या मुखत्यारीनं घेतलेला हा पहिला मोठा निर्णय असतो. भाषणं दुसरे लिहून देतात, जाहीरनामा समित्या तयार करतात. जोडीदार मात्र त्याचा त्यानं निवडायचा. तेव्हा लोक नाव घेतात उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचं, पण जोखत असतात ते निवडणाऱ्याला. १९७२ साली ही गोष्ट जितकी लख्ख दिसली तितकी एरवी क्वचितच दिसते. त्या वर्षीची हकिगत आज सांगणार आहे.

१९७२चा जुलै महिना. आपल्याकडे सिमला करारावर नुकत्याच सह्या झाल्या होत्या आणि महाराष्ट्र पावसाची वाट पाहत होता. तिकडे अमेरिकेत व्हिएतनामचं युद्ध चालूच होतं. अध्यक्ष रिचर्ड निक्सन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षानं उमेदवारी दिली साउथ डाकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांना. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात बी-२४ जातीचं बॉम्बफेकी विमान चालवत होते, ३५ मोहिमा त्यांनी पार पाडल्या होत्या, आणि आता तेच व्हिएतनाम युद्धाचे सगळ्यात कडवे विरोधक होते. आपलाही त्यांच्याशी दूरचा संबंध येतो. ज्यांनी रेशनच्या रांगेत उभं राहून पी. एल. ४८०चा गहू घेतला आहे त्यांना ते दिवस आठवत असतील. परदेशांना धान्य पुरवण्याची ती अमेरिकी योजना केनेडींच्या कारकिर्दीत, १९६१-६२ मध्ये, मॅकगव्हर्न यांच्याकडे होती.

पक्षाचं अधिवेशन भरलं होतं फ्लोरिडातल्या मायामी बीचला. १२ जुलैच्या रात्री मॅकगव्हर्न यांच्या उमेदवारीवर शिक्कामोर्तब झालं. जोडीदाराचं नाव दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या आत द्यायचं होतं. आता तुम्ही म्हणाल, एवढे महिने प्रचार केला, नाव ठरलं नव्हतं? नव्हतं. मॅकगव्हर्न यांनी मनात एकच नाव धरलं होतं, एडवर्ड केनेडी. केनेडी नाही म्हणत होते, आणि शेवटी तरी हो म्हणतील अशी आशा मॅकगव्हर्न यांना होती. ती फोल ठरली. मग घाईघाईनं विचारणा सुरू झाली. मिनेसोटाचे वॉल्टर माँडेल नको म्हणाले. कनेक्टिकटचे रिबिकॉफ नको म्हणाले. बॉस्टनचे महापौर केव्हिन व्हाइट जवळजवळ नक्की झाले होते, तर त्यांच्याच राज्यातल्या प्रतिनिधींनी मोडता घातला. विस्कॉन्सिनचे गेलॉर्ड नेल्सन यांनीही नकार दिला, आणि जाता जाता एक नाव सुचवलं. मिसुरी राज्याचे सिनेटर थॉमस ईगल्टन.

कागदावर ईगल्टन उत्तम होते. वय ४२. सेंट लुइससारख्या मोठ्या शहरातले, धर्मानं कॅथलिक, कामगार संघटनांशी बरे संबंध. मॅकगव्हर्न यांच्याकडे जे नव्हतं ते सगळं यांच्याकडे. सत्ताविसाव्या वर्षी शहराचे सरकारी वकील म्हणून निवडून आलेले, मग राज्याचे महाधिवक्ता, मग नायब राज्यपाल, मग सिनेटर. फोन गेला. मॅकगव्हर्न बोलले, ईगल्टन आनंदानं हो म्हणाले. मग मॅकगव्हर्न यांचे सल्लागार फ्रँक मँकेविच यांनी फोन घेतला आणि विचारलं, की तुमच्या पूर्वायुष्यात काही लपवण्यासारखं, पुढे अडचणीचं ठरेल असं काही नाही ना? ईगल्टन म्हणाले, नाही.

चौकशी संपली. आपल्याकडे साधं स्थळ सांगून आलं तरी चार ठिकाणी विचारपूस होते, आजीच्या माहेरापर्यंत माणसं जाऊन पोचतात. इथे जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाच्या सत्तेपासून एका पावलावर जो उभा राहणार त्याची चौकशी टेलिफोनवर काही मिनिटांत आटोपली. आणि हे एक पाऊल म्हणजे नुसता अलंकार नव्हे. तोपर्यंत अमेरिकेचे आठ अध्यक्ष पदावर असताना वारले होते. रूझवेल्ट गेले तेव्हा ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते. जॉन केनेडींची हत्या होऊन तर नऊच वर्षं लोटली होती.

त्या रात्री अधिवेशनात आणखी एक तमाशा झाला. उपाध्यक्षपदासाठी प्रतिनिधींनी गमतीगमतीत वाटेल ती नावं पुकारली, त्यात चीनचे माओ होते आणि टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेतलं पात्रही होतं. या खेळात इतका वेळ गेला, की मॅकगव्हर्न स्वीकाराचं भाषण करायला उभे राहिले तेव्हा पहाटेचे जवळजवळ तीन वाजले होते. भाषण चांगलं होतं म्हणतात. पण ऐकायला देश जागा होता कुठे?

मग निनावी फोन सुरू झाले. डेट्रॉइटच्या एका दैनिकाकडे फोन आला, मॅकगव्हर्न यांच्या कचेरीतही आला, की ईगल्टन यांच्यावर मनोविकारासाठी रुग्णालयात उपचार झाले आहेत. क्लार्क हॉइट आणि रॉबर्ट बॉइड या दोन बातमीदारांनी ते धागे चिकाटीनं शोधले, आणि बातमी छापण्याआधी जे जमवलं ते मॅकगव्हर्न यांच्या माणसांसमोर ठेवून खुलासा मागितला. आता गप्प बसणं शक्य नव्हतं. खुलासा उमेदवारांनी स्वतःच जगासमोर केला आणि त्या दोघांची बातमी हातची गेली. पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मात्र त्यांनाच मिळालं. पत्रकारितेतल्या सभ्यपणाचं हे उदाहरण मला फार आवडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

२५ जुलैला साउथ डाकोटात, कस्टर गावाजवळच्या सिल्व्हन लेक या रम्य ठिकाणी पत्रकार परिषद झाली. ईगल्टन यांनी सांगितलं, की १९६०, १९६४ आणि १९६६ साली, असा तीन वेळा मी स्वतःहून रुग्णालयात दाखल झालो होतो. अतिश्रमानं थकवा आला होता, मन खचलं होतं. शॉक ट्रीटमेंट घेतली का, असं विचारल्यावर हो म्हणाले. दोनदा घेतली होती. बोलताना त्यांना घाम येत होता, हात किंचित थरथरत होते. ते पहिल्यापासून तसेच होते, सतत सिगारेट ओढणारे आणि अस्वस्थ हालचाली करणारे. पण त्या दिवसापासून त्यांच्या घामाकडेही लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले.

मॅकगव्हर्न शेजारीच होते. हे सगळं आधी माहीत असतं तरी मी यांनाच निवडलं असतं, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तर, आपण ईगल्टन यांच्या पाठीशी हजार टक्के आहोत, असं जाहीर करून टाकलं.

इथपासून पुढचे पाच-सहा दिवस मोठे बोलके आहेत. देशात दोन वेगवेगळ्या प्रतिक्रिया उमटत होत्या. एक होती जाणत्यांची. न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट अशा मॅकगव्हर्न यांच्याबद्दल सहानुभूती असलेल्या पत्रांनी ईगल्टन यांनी बाजूला व्हावं असं लिहिलं. देणगीदार कुरकुरू लागले, पक्षातले मुरब्बी लोक फोन करू लागले. दुसरी प्रतिक्रिया होती साध्या मतदारांची. टाइम साप्ताहिकानं त्याच सुमारास पाहणी केली. सुमारे ७७ टक्के लोकांनी सांगितलं, की ईगल्टन यांच्या आजारपणामुळे आमच्या मतात काही फरक पडणार नाही. ईगल्टन प्रचाराला जात होते तिथे गर्दी त्यांना टाळ्या देत होती. ज्यांना स्वतःचं मत विचारलं ते म्हणत होते, मला चालेल. जे दुसऱ्यांच्या मतांचा हिशेब मांडत होते ते म्हणत होते, लोकांना चालणार नाही.

अर्थात जाणत्यांचं म्हणणं निव्वळ भित्रेपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. अणुयुद्धाचा आदेश देण्याचा अधिकार ज्याच्या हाती जाऊ शकतो त्याच्या मनाची अवस्था काय, हा प्रश्न गैर नाही. मॅकगव्हर्न यांच्या माणसांनी उपचाराची कागदपत्रं मागितली होती, ती त्यांच्या हाती आलीच नाहीत. पूर्वीचं एक आजारपण मिसुरीतल्या लोकांना पोटाचा विकार म्हणून सांगितलं गेलं होतं, हेही बाहेर आलं. आणि टेलिफोनवरचं ते 'नाही' तर सगळ्यांना टोचत होतंच. त्याबद्दल ईगल्टन यांचं म्हणणं असं होतं, की लपवण्यासारखं म्हणजे काहीतरी घाणेरडं, भ्रष्ट, लाज वाटावी असं. आजारी पडून बरा झालो यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

या उत्तरावर मी पुष्कळदा विचार केला आहे. ते अर्धं पटतं. आजार लाजिरवाणा नव्हता हे खरंच. पण लाजिरवाणा नव्हता तर पोटाचा विकार सांगायची पाळी का आली? मन आजारी पडतं हे उघड बोलायची सोय त्या समाजात नव्हती म्हणून. आपण तरी कुठल्या तोंडानं हसायचं? येरवडा आणि ठाणे या नावांचा आपण थट्टेत कसा उपयोग करत आलो ते सगळ्यांना ठाऊक आहे. ईगल्टन मोकळेपणानं बोलले असते तर त्यांचं राजकारण १९६० सालीच संपलं असतं. आणि बोलले नाहीत म्हणून १९७२ साली त्यांच्यावर लपवाछपवीचा आळ आला.

त्यात जॅक अँडरसन या नामांकित स्तंभलेखकानं भर घातली. २७ जुलैला त्यानं रेडिओवर सांगितलं, की दारू पिऊन बेफाम गाडी चालवल्याबद्दल ईगल्टन यांना अनेकदा पकडलं होतं. पुरावा? तो काही त्याला दाखवता आला नाही. चार-पाच दिवसांनी त्यानं आरोप मागे घेऊन माफी मागितली. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

मॅकगव्हर्न यांच्याकडून खरी चूक झाली ती यानंतर. ईगल्टन यांना ठेवायचं, तर ठामपणे ठेवायचं. काढायचं, तर समोर बसवून सांगायचं. त्यांनी तिसरीच वाट धरली. २८ जुलैच्या संध्याकाळी सिल्व्हन लेकच्या भोजनगृहात ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात बातमीदारांशी गप्पा मारत होते, आणि ईगल्टन यांनी स्वतः होऊन निर्णय घेतलेला बरा, असं सूचित करत होते. ज्याच्या पाठीशी दोन दिवसांपूर्वी हजार टक्के होते तो माणूस तिकडे सभा घेत हिंडत होता, आणि त्याला हे कळणार होतं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून. ३० जुलैला, रविवारी, पक्षाच्या अध्यक्षा जीन वेस्टवूड यांनी टीव्हीवर सांगितलं, की ईगल्टन यांनी माघार घेतली तर ते उदात्त कृत्य ठरेल. त्याच दिवशी ईगल्टन दुसऱ्या वाहिनीवर सांगत होते, की मी माघार घेणार नाही.

३१ जुलैच्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये दोघं भेटले. मॅकगव्हर्न यांनी मनोविकारतज्ज्ञांशीही बोलणं केलं होतं. शेवटी ईगल्टन यांनी नाव मागे घेतलं. निवेदनात सांगितलं गेलं, की त्यांच्या पूर्वीच्या आजारपणाची चर्चा देशापुढच्या मोठ्या प्रश्नांवरून लक्ष विचलित करते आहे. निवड झाल्यापासून अठरा दिवस झाले होते.

आणि गंमत बघा, मोठे प्रश्न खरोखरच दारात उभे होते. १७ जूनला वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत घुसलेले लोक पकडले गेले होते. त्यांच्यापैकी एकाच्या खात्यात निक्सन यांच्या प्रचारनिधीतला २५ हजार डॉलरचा चेक जमा झाला होता. ही बातमी वॉशिंग्टन पोस्टनं छापली १ ऑगस्ट १९७२ रोजी, ईगल्टन यांच्या माघारीची बातमी आली त्याच दिवशी! लोक कशावर बोलत होते ते वेगळं सांगायला नको.

नवा जोडीदार शोधताना तर मॅकगव्हर्न यांची फारच केविलवाणी स्थिती झाली. केनेडी, रिबिकॉफ, हम्फ्री, मस्की, एकामागून एक सगळे नाही म्हणाले. अखेर केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर तयार झाले. ७ नोव्हेंबरला निकाल लागला. पन्नासपैकी ४९ राज्यं निक्सन यांना. मॅकगव्हर्न यांना एक मॅसेच्युसेट्स आणि राजधानीचं शहर. स्वतःचं साउथ डाकोटासुद्धा गेलं. ईगल्टन प्रकरण झालं नसतं तर मॅकगव्हर्न जिंकले असते असं कुणी समजू नये. ते आधीपासून बरेच मागे होते. पण त्यांचं मुख्य भांडवल होतं सरळपणा, हा माणूस इतर राजकारण्यांसारखा नाही हा लोकांचा विश्वास. तेच भांडवल त्या आठवड्यात उडालं. 'हजार टक्के' हा शब्दप्रयोग अमेरिकी राजकारणात थट्टेचा विषय होऊन बसला.

दुसऱ्या बाजूला काय होतं? निक्सन यांचे जोडीदार स्पायरो अ‍ॅग्न्यू. त्यांची तब्येत ठणठणीत होती, मनोविकाराचा इतिहास नव्हता, कायदा-सुव्यवस्थेवर ते तडाखेबंद भाषणं करत. मेरीलँडमध्ये सत्तेवर असताना ठेकेदारांकडून सुरू झालेली नोटांची पाकिटं त्यांना उपाध्यक्ष झाल्यावरही पोचत होती. १० ऑक्टोबर १९७३ला करचुकवेगिरीच्या खटल्यात त्यांना पद सोडावं लागलं. दहा महिन्यांनी निक्सनही गेले. १९७२च्या उन्हाळ्यात ज्या माणसाबद्दल देशानं रात्रंदिवस काथ्याकूट केला तो पुढे १९७४ आणि १९८० साली मिसुरीतून पुन्हा निवडून आला. कंबोडियावरच्या बॉम्बवर्षावाचा पैसा रोखण्यासाठी १९७३ साली सिनेटमध्ये जी लढाई झाली तिच्यात तो पुढे होता. मिसुरीच्या लोकांना सगळं माहीत होतं. त्यांनी हिशेब साधा ठेवला, माणूस काम करतो की नाही. या प्रकरणात निक्सन यांनीसुद्धा एक शोभून दिसणारी गोष्ट केली होती. ईगल्टन यांच्या शाळकरी मुलाला त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहून, तुझे वडील धीरानं वागले, असं कळवलं होतं. माणसं एकरंगी नसतात, याला काय करणार?

पुढच्या उमेदवारांनी यातून धडा घेतला तो चौकशीचा. १९७६ साली जिमी कार्टर यांनी सवडीनं एकेकाला बोलावून मुलाखती घेतल्या आणि माँडेल यांना निवडलं, तेच माँडेल ज्यांनी १९७२ साली नकार दिला होता. नंतर नंतर वकिलांच्या फौजा, कराची विवरणपत्रं, डॉक्टरांचे अहवाल, अशी जाडजूड फाइल तयार होऊ लागली. इतकी चौकशी करूनही निवड वादग्रस्त ठरायची ती ठरतेच. २००८ साली जॉन मॅकेन यांनी सारा पेलिन यांना घेतलं तेव्हाचा गाजावाजा अनेकांना आठवत असेल.

मनाच्या आजाराचा शिक्का पुसायला मात्र जास्त काळ लागला. १९८८ साली डुकाकिस यांच्याबद्दल अशीच अफवा उठली तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी, मी एका रुग्णावर टीका करणार नाही, असा विनोद केला होता. १९९० साली फ्लोरिडात लॉटन चाइल्स यांनी आपण नैराश्यावर गोळ्या घेतो हे मान्य केलं आणि राज्यपालपद जिंकलं. २०२३ साली पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर जॉन फेटरमन नैराश्यावरच्या उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्या कचेरीनं ते लगेच जाहीर केलं, आणि काही आठवड्यांनी ते सिनेटमध्ये कामावर परतले.

मॅकगव्हर्न यांना हा आजार परका नव्हता. त्यांच्या एका मुलीला नैराश्य आणि दारूचं व्यसन दोन्ही होतं. १९७२ साली घरात ती काळजी होतीच. १९९४च्या डिसेंबरात विस्कॉन्सिनमध्ये ती बर्फात पडून गोठून गेली. तिच्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. उतारवयात ईगल्टन यांच्याबद्दल विचारलं की ते म्हणत, पुन्हा संधी मिळाली असती तर त्यांना ठेवलं असतं.

या गोष्टीला एक शेपूट राहिलं आहे. एप्रिल १९७२ मध्ये, म्हणजे मायामीच्या आधी तीन महिने, रॉबर्ट नोव्हाक या स्तंभलेखकानं एका अनाम डेमोक्रॅटिक सिनेटरचं मत छापलं होतं. मॅकगव्हर्न हे सैन्यभरती टाळणाऱ्यांना माफी, गर्भपात आणि गांजाला मुभा यांच्या बाजूचे आहेत हे अजून लोकांना कळलेलं नाही, कळेल तेव्हा ते संपतील, असा त्याचा आशय होता. विरोधकांनी त्यावरून बेतलेली तीन शब्दांची घोषणा वर्षभर मॅकगव्हर्न यांच्या मागे लागली होती. हा सिनेटर कोण, ते पस्तीस वर्षं गुलदस्त्यात राहिलं. ४ मार्च २००७ला ईगल्टन वारले आणि त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्रात नोव्हाक यांनी नाव उघड केलं. ते ईगल्टन यांचंच होतं.